‘मुलगा दिसत नाही तुमचा?’

सोलापूरहून आलेल्या पत्राचा सारांश : मी ५८ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून रेल्वे लाईन्सजवळ राहते. आमच्या घराण्यात तीन पिढ्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती आहेत. माझे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. ते उपासनेत तबला वाजवत असत. मुलगा २९ वर्षांचा आहे, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पाळीने काम करतो आणि त्याची सुट्टी गुरुवारी असते. वडील गेल्यापासून तो देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आलेला नाही, नाताळलाही नाही. पाळीचे कारण सांगतो, पण रविवारी दुपारची पाळी असली तरी सकाळी येत नाही. फार विचारले तर म्हणतो, ‘तिथे सगळे ढोंगी आहेत, मला देव घरात भेटतो.’ सून मोबाइलवर उपासना लावते आणि ऐकता ऐकता भाजी निवडते. माझी जाऊ कॅथलिक आहे. तिच्या मते रविवार चुकवणे हे पाप आहे. दर रविवारी सकाळी घरात यावरून वाद होतो आणि मी डोळे पुसत एकटीच जाते. देवळाच्या दारात चारजणी विचारतात, ‘मुलगा दिसत नाही तुमचा?’ त्यांना काय उत्तर द्यावे? मी संस्कारांत कमी पडले का? त्याच्यावर सक्ती करावी का? ता. क. यजमानांच्या दफनाच्या दिवशी कबरस्तानातील जागेसाठी थकलेल्या वर्गणीची पावती मागितली गेली होती. तेव्हा मुलानेच धावपळ करून पैसे भरले. त्या दिवसापासून तो जरा गप्पच असतो.

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा ताज्या कलमापाशी थांबले. तुम्ही जे शेवटी, जाता जाता लिहिले आहे, ते माझ्या मते पत्राच्या पहिल्या ओळीत यायला हवे होते. तुमचा मुलगा उपासनेला का येत नाही, हा प्रश्न तुम्ही मला विचारला आहे. परंतु त्याचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे आणि ते तुमच्याच हाताने तुम्ही लिहून पाठवले आहे.

त्या दिवसाकडे क्षणभर त्याच्या बाजूने पाहा. वडिलांची शवपेटी घरात आहे, नातेवाईक गाड्यांतून उतरत आहेत, उन्हे चढत आहेत म्हणून लवकर आटपायला हवे असे प्रत्येक जण सांगतो आहे, आणि अशा वेळी २६ वर्षांच्या त्या मुलाला कोणीतरी बाजूला घेऊन सांगते की, तुमची इतक्या महिन्यांची वर्गणी बाकी आहे, पावती झाल्याशिवाय जागेचे पुढे सरकणार नाही. ज्याने वडिलांच्या उशाशी बसायचे, तो मित्रांना फोन करून पैसे मागत उभा राहिला. ज्या माणसाने आयुष्यभर दर रविवारी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गायनाला ठेका दिला, त्याचा हिशेब त्याच्याच मुलाकडून त्या तासाला वसूल करण्यात आला. वर्गणी थकली असेल, नियमही तसा असेल, पावती मागणाऱ्याच्या मनात कदाचित काही वाईटही नसेल. तरी हे घडायला नको होते, आणि मी ख्रिस्ती बाई म्हणून याची मला लाज वाटते.

तो ‘सगळे ढोंगी आहेत’ असे म्हणतो तेव्हा सगळ्यांविषयी बोलत नसतो. तो त्या एका दुपारविषयी बोलतो. ते नेमके बोलायचे तर वडिलांच्या मरणाविषयी बोलावे लागेल, तुमच्यासमोर बोलावे लागेल, आणि त्या दिवशी आपल्याकडे पुरेसे पैसे नव्हते हेही पुन्हा उच्चारावे लागेल. म्हणून त्याने एक मोठा, ढोबळ शब्द पुढे केला आहे, आणि तुम्ही दोघे तीन वर्षे त्याच शब्दावर भांडत आहात.

गेली अनेक वर्षे मी या सदरातून आणि त्याबाहेरही ख्रिस्ती कुटुंबांशी बोलत आले आहे. उपासना सोडलेल्या माणसांपैकी ज्यांचा विश्वासच उरला नाही, असे मला फार थोडे भेटले. बहुतेकांच्या बाबतीत एक ठराविक रविवार सापडतो. अमुक रविवारी देवळाच्या पंच कमिटीच्या निवडणुकीवरून भावाभावांत बाचाबाची झाली, अमुक रविवारी मुलीच्या आंतरधर्मीय विवाहाचा उल्लेख उपदेशात आला, अमुक रविवारी कोणी साडीकडे पाहून काही बोलले. त्यानंतर एक रविवार चुकतो, मग दुसरा. पुढे तर जाण्याचीच लाज वाटू लागते, कारण इतक्या दिवसांनी गेलो तर सगळे वळून पाहतील. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे. आपल्यासारख्या शहरात एखादी मंडळी म्हणजे एकमेकांना नावानिशी ओळखणारी काही घरे असतात, त्यामुळे मोठ्या शहरातल्या माणसासारखे गुपचूप मागच्या बाकावर येऊन बसणे इथे शक्यच होत नाही.

काही जणांची कारणे मात्र साधी असतात आणि ती साधीच राहू द्यावीत. स्पर्धा परीक्षा रविवारी असतात. विडीच्या हिशेबाचे किंवा शिलाईचे काम सोमवारी द्यायचे असते. काही घरांत प्रार्थना तेलुगूत होते आणि मराठी उपासनेत आजीला निम्मे समजत नाही. यांतल्या कोणालाही अविश्वासू म्हणणे अन्यायाचे होईल.

आणि जे येतात ते सगळे केवळ भक्तीनेच येतात असेही समजू नका. मुलीच्या विवाहाच्या घोषणा लागोपाठ वाचल्या जाव्यात, शाळेच्या प्रवेशासाठी पाळकसाहेबांचे (पाद्रींचे) पत्र मिळावे, कमिटीच्या मतदारयादीत नाव राहावे, स्थळे पाहिली जावीत, म्हणून येणारे आपल्यात आहेत. एकट्या राहणाऱ्या कितीतरी विधवा आठवड्यातून एकदा कोणीतरी आपला हात हातात घेईल म्हणून येतात, आणि उपासनेनंतरच्या हस्तांदोलनात त्यांचा हात जरा जास्त वेळ रेंगाळतो. हे मी दोष म्हणून सांगत नाही. माणसे अनेक कारणांनी एकत्र येतात आणि त्या येण्यातूनच पुष्कळदा विश्वासही वाढतो. मात्र येणाऱ्यांच्या कारणांकडे आपण इतक्या ममतेने पाहतो, तर न येणाऱ्यांच्या कारणांकडेही त्याच नजरेने पाहायला हवे.

आता तुमच्या जाऊबाईंच्या म्हणण्याविषयी. त्या त्यांच्या मंडळीचे शिक्षण बरोबर सांगत आहेत. कॅथलिक मंडळीच्या १९८३ च्या धर्मविधानातील (कॅनन लॉ) १२४७ वे कलम रविवारी मिस्सात, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, सहभागी होण्याचे बंधन घालते, आणि गंभीर कारणाशिवाय ते जाणूनबुजून मोडणे हे त्यांच्या शिकवणीप्रमाणे पापच आहे. मात्र त्याच शिकवणीत आजारपण किंवा तान्ह्या मुलाची देखभाल अशा कारणांसाठी सूट आहे, आणि आदल्या दिवशी संध्याकाळचा मिस्साही ग्राह्य धरलेला आहे. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असे कलम नाही. आपल्याकडे बायबलमधील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील, एकत्र मिळणे सोडू नका, हा बोध दर वर्षी ऐकवला जातो, आणि तो मला मान्य आहे. परंतु त्याच वचनात एकमेकांना उत्तेजन देण्याविषयीही सांगितले आहे, याची आठवण आपण गैरहजर माणसाला करून देतो तितकी हजर माणसांना करून देत नाही.

शुभवर्तमानात प्रभू स्वतः सांगतो की, शब्बाथ (यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस) मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नाही. पहिल्या मंडळीने आठवड्याचा पहिला दिवस धरला तो प्रभूच्या पुनरुत्थानामुळे. तो दिवस त्यांच्यासाठी सुट्टीचा नव्हता. त्या मंडळीत दास होते, मजूर होते, दिवसभर दुसऱ्याच्या कामाला बांधलेली माणसे होती. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात त्रोवस येथील सभा पाहा : ती रात्री भरली आहे, माडीवर दिवे लावलेले आहेत, प्रेषित पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबते आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपी जाऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. तो दिवसभर काय काम करून आला होता हे तिथे लिहिलेले नाही, पण मी तो उतारा वाचते तेव्हा मला रात्रपाळी करून येणारी आपली मुलेच दिसतात. पौल खाली उतरून त्याला कवेत घेतो; झोप लागल्याबद्दल त्याला एक शब्दही बोलत नाही.

रविवार विश्रांतीचा दिवस झाला तो पुढे, ३२१ साली, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या हुकमाने. आपल्याकडच्या गिरणी कामगाराला तो मिळाला १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी मिळवून देण्यासाठी त्यांनी काही वर्षे झगडा दिला. भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या आपल्या सोलापूरला हे वेगळे सांगायला नको. सांगायचे इतकेच की, रविवार सकाळ मोकळी असणे ही कष्टकऱ्याला फार उशिरा आणि झगडून मिळालेली गोष्ट आहे, आणि ज्याची सुट्टी गुरुवारी असते त्याच्याकडे ती आजही नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत पाळी हे खरे कारण नसेल, पण सकाळची पाळी असते तेव्हा ते कारण खरे असते, आणि त्या रविवारीही त्याला दूषण लागत असेल तर दुपारच्या पाळीच्या रविवारी तरी त्याने का यावे?

करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात, एक प्रसंग आहे. प्रभूभोजनासाठी लोक जमत, तेव्हा ज्यांच्याकडे वेळ आणि शिधा होता ते आधी येऊन जेवून घेत, आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हते ते उपाशी राहत. पौल रागावला आहे तो आधी जेवणाऱ्यांवर. मागे राहिलेल्यांना त्याने एक शब्दही सुनावलेला नाही. एकमेकांसाठी थांबा, असे तो त्यांना सांगतो. माझ्या मते तुमच्या घरातल्या भांडणात बोलायचे वाक्य हेच आहे, आणि ते मुलाला ऐकवायचे नसून तुमच्या मंडळीला ऐकवायचे आहे.

मी स्वतः ३४ वर्षांची असताना सुमारे अकरा महिने देवळात गेले नव्हते. आमचे दुसरे मूल जन्मतःच गेले होते आणि त्यानंतरच्या रविवारी एका वयस्कर व्यक्तीने, सांत्वन करायच्या हेतूने, मला सांगितले की देवाला ते अधिक प्रिय होते. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते; मी फक्त जाणे बंद केले. माझ्या सासूबाई खूप बोलल्या, पाळकसाहेब दोनदा येऊन प्रार्थना करून गेले, आणि त्या प्रत्येक भेटीनंतर माझे मन आणखी घट्ट मिटत गेले. आमच्या गल्लीत एक मावशी होत्या, महापालिकेच्या दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेल्या. त्या दर रविवारी उपासनेहून परतताना आमच्या दारात थांबत आणि बसच्या तिकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले चार आकडे माझ्या हातात देत. ते त्या दिवशी म्हटलेल्या गायनांचे क्रमांक असत. त्या आत येत नसत, कसे आहेस विचारत नसत, पुढच्या रविवारी ये असे तर एकदाही म्हणाल्या नाहीत. सुरुवातीला मी ती तिकिटे चुलीपाशी टाकून देई. मग एकदा आकडा पाहताच ते ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे गायन आहे हे मला पुस्तक न उघडताच कळले, आणि कणीक मळता मळता ते ओठांवर आले. मी परत गेले ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, आणि त्या बाईंच्या शेजारीच जाऊन बसले. त्या थोड्या सरकल्या, एवढेच.

तुमचा मुलगाही असाच परत येईल, असे आश्वासन मी देत नाही. तो येईल किंवा येणार नाही. पण तुमच्या हातात काय आहे हे मी सांगू शकते.

सक्ती करू नका. २९ वर्षांच्या, संसार चालवणाऱ्या मुलाला हाताला धरून बाकावर बसवता येत नाही, आणि बसवलेच तर तो तिथे बसून त्या दुपारचाच हिशेब मांडत राहील. रविवारी सकाळी या विषयावर एक शब्दही काढू नका. तुमच्या संस्कारांविषयी म्हणाल, तर वडिलांच्या दफनासाठी उसने पैसे उभे करून, त्याविषयी तीन वर्षे आईला एकदाही न ऐकवणारा मुलगा तुम्ही वाढवला आहे.

एखाद्या गुरुवारी त्याच्याजवळ बसा आणि उपासनेचे नाव न काढता त्या दिवसाविषयी विचारा. पैसे कोणाकडून आणलेस, त्यांचे फेडून झाले का, तिथे तुला कोण काय बोलले. हे तुम्ही तीन वर्षांत विचारलेले दिसत नाही. शोकात होतात, साहजिक आहे, पण आता विचारा. तो चिडला तर चिडू द्या, आणि मंडळीची बाजू घेऊ नका. ‘त्यांचाही नियम असतो’ हे वाक्य त्या दिवशी तुमच्या तोंडून बाहेर पडता कामा नये. देव घरातही भेटतो या त्याच्या म्हणण्याला मान डोलवा, कारण ते खरे आहे. त्याला एक उत्तर आहे असे मला वाटते, ते असे की वडिलांची शवपेटी घरातल्या देवाने एकट्याने उचलली नव्हती, तिला खांदा द्यायला मंडळीतलीच माणसे आली होती. पण हे उत्तर तुम्ही द्यायचे नाही. ते त्याचे त्याला कधीतरी आठवले तरच त्याला किंमत आहे.

दुसरे काम अवघड आहे आणि ते तुम्ही स्वतः करायचे आहे. पाळकसाहेबांची वेळ घ्या आणि त्यांना, शक्य झाल्यास कमिटीतील एका-दोघांच्या समोर, त्या दिवशी काय घडले ते शांतपणे सांगा. ‘माझ्या मुलाला परत आणा’ अशी विनंती करू नका, माफीची मागणीही करू नका. एवढेच मागा की यापुढे कोणाच्याही घरी मृत्यू झाला असता दफन होईपर्यंत थकबाकीचा विषय निघणार नाही, हिशेब महिन्याभराने बसून करता येईल, आणि ज्यांना भरणे शक्य नाही त्यांचे काय करायचे हे मंडळी आपसांत ठरवील, असा लेखी ठराव व्हावा. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि दरिद्र्याला पायाशी जागा देणाऱ्या सभेविषयी जे लिहिले आहे, ते त्यांना वाचून दाखवायला हरकत नाही. तुम्ही आयुष्यभर शिकवले आहे, तुमच्या आवाजाला त्या देवळात वजन आहे. ठराव झाला किंवा झाला नाही तरी आईने आपल्यासाठी आणि बाबांसाठी तोंड उघडले, हे मुलाला कोणीतरी सांगेलच. तुम्ही स्वतः सांगू नका.

सुनेविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला तिची काळजी वाटली. मोबाइलवरच्या उपासनेची सवय आपणच लावली. मार्च २०२० मध्ये देवळे बंद झाली, १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत बंद राहिली. त्या काळात ती उपासना हाच आधार होता आणि आजही अंथरुणाला खिळलेल्यांना आहे. तुमची सून भाजी निवडत ऐकते ती भक्ती कमी म्हणून नव्हे, असे मला वाटते. सोलापुरात नळाला वर्षानुवर्षे रोज पाणी आलेले नाही, ते काही दिवसांआड येत आले आहे, आणि ती पाळी रविवारी सकाळी आली की पिंपे कोण भरते? तुम्ही डोळे पुसत बाहेर पडता तेव्हा स्वयंपाक कोणाकडे असतो? पुढच्या ज्या रविवारी पाणी येईल त्या रविवारी तुम्ही घरी थांबा, पाणी भरा, भाजी निवडा आणि तिला म्हणा, ‘आज तू जाऊन ये.’ ती गेली तर उत्तम. ती मैत्रिणीकडे गेली किंवा झोपून राहिली, तरीही काही विचारू नका.

यजमानांच्या तबल्याचे काय झाले हे तुम्ही लिहिलेले नाही. तो घरात असेल तर मुलाच्या मनाला पाझर फुटावा म्हणून तो मुद्दाम बाहेर काढून ठेवू नका. त्याला ते ताबडतोब कळेल. धूळ मात्र बसू देऊ नका.

राहिला देवळाच्या दारातला प्रश्न. ‘मुलगा दिसत नाही तुमचा?’ असे विचारणाऱ्या चारजणींपैकी एखादीला खरोखर काळजी असेल, म्हणून सगळ्यांना एकाच मापाने तोडू नका. पाळीची सबब सांगू नका आणि मान खालीही घालू नका. इतकेच म्हणा, ‘तो बरा आहे. गुरुवारी त्याला सुट्टी असते, चारनंतर घरी असतो. चहाला या.’

तुमची,
सदर लेखिका